आपण दिलेल्या खोक्याबाबत

तीर्थरूप मामांच्या पायाशी खुडबुड्याचा नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलो आहे. उरलेला नमस्कार भेटीत वसूल करून घ्यावा.) तब्येत कशी आहे? रक्तदाब आटोक्यात आहे ना? सकाळचं फिरणं चालू आहे, की कोपऱ्यावरच्या बाकावर बसून इतरांच्या चालण्यातल्या चुका काढण्यालाच पुन्हा फिरणं म्हणायला लागलात? मामींच्या दाताची चौकशी मी मुद्दामच करत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर येणार आहे, आणि ते वाचताना तुम्ही बसलेले असावं, शक्यतो पाठीला उशी घेऊन. इकडे सगळे खुशाल. हिचा खोकला गेला, धाकटीचा अभ्यास आला नाही, माझं नेहमीचं चालू आहे. फोन करायचा सोडून पत्र का, असं विचाराल. तर फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही, आणि ही हकीकत शंभर वाक्यांच्या खाली बसत नाही. पत्राला मध्येच 'ते राहू दे, मी काय सांगतो ते ऐक' असं म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

माझ्या नोकरीला तुम्ही 'खेळण्यांची राखण' म्हणता, आणि तेही चारचौघांत म्हणता. हरकत नाही, तुम्ही मोठे आहात. पण आमच्याकडे काय चालतं ते एकदा नीट ऐका, कारण त्यावाचून पुढचं काही उमगायचं नाही. फ्रेमवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचा संग्रह. टीव्हीला जोडून खेळायची जुनी खेळयंत्रं आणि त्यांच्या कॅसेटी जगातून झपाट्याने नाहीशा होताहेत. त्या फेकून कोणी देत नाही हो, त्या माळ्यावर आपोआप मरतात. प्लास्टिक पिवळं पडतं, वरचा कागद सुटतो, आतली चपटी बॅटरी पाझरून सगळं खाऊन टाकते. म्हणून आम्ही सापडेल ती वस्तू आणतो, सहा बाजूंनी तिचे फोटो काढतो, सोनाराच्या काट्यावर तिचं वजन करतो, उघडतो, प्रत्येक स्क्रू अंड्यांच्या ट्रेमधल्या नंबर घातलेल्या खळग्यात ठेवतो (स्क्रू क्रमांक तीन चारच्या खळग्यात गेला तर आमच्याकडे सुतक असल्यासारखं वातावरण होतं), आतला खेळ उतरवून घेतो, आणि मग सगळं नोंदवहीत लिहितो. वासदेखील लिहितो. 'वास : डांबरगोळ्या, किंचित अगरबत्ती' अशी नोंद मी स्वतः केली आहे. कारभार पाहतात त्या बाई. त्या पूर्वी ग्रंथालयात होत्या आणि अजूनही आम्ही पुस्तकं असल्यासारखं त्या आमच्याशी वागतात, म्हणजे जागच्या जागी ठेवतात. तिसरे आमचे डागवाले. हे जुने रेडिओ दुरुस्त करणारे, आता सर्किटांना डाग देतात, पंचाहत्तरीचे आहेत आणि कोणत्याही यंत्राला आधी दोन शिव्या देऊन मगच हात लावतात.

बाईंचा पहिला नियम भिंतीवर लिहिला आहे : कॅसेटीत फुंकर मारू नये. लहानपणी आम्ही सगळ्यांनी मारली. खेळ लागला नाही की काढायची, फू करायचं, परत घालायची. बाई म्हणतात की फुंकरीतल्या ओलीने पितळी टोकं गंजतात आणि एका पिढीने प्रेमाने फुंकून फुंकून लाखो कॅसेटी मारल्या. ऐकून वाईट वाटतं, पण खरं आहे.

आता तुमचं खोकं. मागच्या महिन्यात मामी आठ दिवसांसाठी ताईकडे गेल्या आणि तुम्ही कपाटं आवरायला काढलीत. (मामी घरात असताना तुम्ही कपाट आवरल्याचं मला आठवत नाही.) शुक्रवारी तुम्ही स्वतः खोकं घेऊन आलात, घरात अडगळ असू नये यावर आम्हा तिघांना वीस मिनिटं सांगितलंत, आणि दानपत्रावर 'सदर वस्तू सर्वस्वी माझ्या मालकीच्या आहेत' या ओळीखाली तुमची ती शेपटीवाली सही ठोकलीत. बाईंना सही फार आवडली. तुम्ही गेल्यावर आम्ही खोकं उघडलं. दादा शाळेत असताना त्याच्यासाठी तुम्ही आणलेलं ते यंत्र, पिवळं पडलेलं पण धुळीचा कण नाही. एक रिमोट, त्याचं डावीकडचं बटण झिजून वाटीसारखं खोलगट झालेलं. आणि एक कॅसेट, जी पाहून बाई दोनदा 'हं' म्हणाल्या. मामा, एकदा 'हं' म्हणजे आमच्याकडे बढती असते. गावोगाव माल घेऊन हिंडणाऱ्या एका फेरीवाल्याचा हा खेळ, फार थोडा विकला गेला होता. त्याच्या कॅसेटीत खरोखरीचं घड्याळ आहे, बाहेर दुपार तर खेळातही दुपार. आमच्या माहितीत अशा दोनच कॅसेटी होत्या आणि दोन्हींच्या बॅटऱ्या कधीच्या संपलेल्या, म्हणजे त्यांच्यातलं साठवलेलं सगळं पुसलेलं. तुमची मात्र जिवंत होती. एकवीस वर्षांची बॅटरी, तीनाऐवजी दोन पूर्णांक तीन व्होल्ट, पण जिवंत. डागवाल्यांनी मीटर तीनदा लावून पाहिला आणि मग मीटरलाच शिव्या दिल्या. ते म्हणाले, यंत्र चालू असतं तेवढा वेळ बॅटरीला आराम मिळतो, त्यामुळे ही कॅसेट कोणीतरी सारखी लावत असणार. आम्ही म्हटलं, छे, कपाटात पडून होती, मालकांनीच सांगितलंय.

फोटो, वजन, वास (धुतलेल्या सुती कापडाचा) सगळं यथासांग झालं. कॅसेट यंत्रात घातली, बटण दाबलं, पडदा करडाच. बाई बघताहेत, डागवाले बघताहेत, मीही बघतोय. आणि मग माझ्या हाताने काय केलं ते माझं मलाच नंतर कळलं. कॅसेट काढली, तोंडाजवळ नेली, आणि भिंतीवरच्या नियमाखाली उभं राहून अशी सणसणीत फुंकर मारली की बाईंच्या टेबलावरचे कागद उडाले. परत घातली. खेळ लागला. बाईंनी आधी मला समजावलं की तो फुंकरीने लागलेला नाही, कॅसेट दुसऱ्यांदा नीट बसली म्हणून लागला. मग शांतपणे अपघातांची वही काढून लिहिलं : 'फुंकर, एक. मारणारा : कर्मचारी.' बारा वर्षांच्या नोकरीतली माझी ही पहिली नोंद. पण मामा, पडद्यावर जे आलं ते पाहून मला माझी फजितीसुद्धा आठवेना.

या खेळात तीन माणसं आपापला खेळ वेगवेगळा साठवून ठेवू शकतात, तीन खण असतात म्हणा ना. पहिल्या खणात दादाचं नाव, एकसष्ट तास, दहावीच्या परीक्षेच्या आसपास बंद. दुसऱ्यात तुमचं, अकरा मिनिटं. (उघडून पाहिलं. तुमचा फेरीवाला गावाच्या वेशीवरच उभा आहे. पहारेकऱ्याने ओळख विचारली, तुम्ही त्याला सात वेळा 'नाही' म्हणालात आणि खेळ सोडून दिलात.) तिसऱ्या खणात नावाच्या जागी नुसतं एक टिंब. आणि तास? नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. आकडा तिथे अडकलाय, कारण याहून जास्त कोणी खेळेल असं तो खेळ बनवणाऱ्यांच्या मनातही आलं नसणार. शेवटचा खेळ साठवल्याची वेळ : मंगळवार, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटं. कोणता मंगळवार? तुम्ही खोकं आणलंत त्याच्या तीन दिवस आधीचा.

झालं. दोन दिवस आमच्या खोल्यांत दुसरा विषय नाही. डागवाल्यांचं मत पडलं की चोर असावा. दुपारी दोन ते चार मालक तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपतात हे हेरून रोज येतो, खेळतो, साठवतो, यंत्र कापडाने पुसून कपाटात ठेवतो आणि काही न नेता जातो. बाई म्हणाल्या, असा चोर मिळाला तर मी त्याला नोकरीवर घेईन. मामी ताईकडे गेल्या तो वार बुधवार होता हे मला माहीत होतं. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. ज्या मामींनी मला लहानपणी 'त्या टीव्हीपुढून ऊठ, डोळे फुटतील' म्हणून कान धरून उठवलं, त्याच या मामी? मग फोनवर तुम्ही म्हणालात की मामी परत आल्या, रिकामा कप्पा पाहिला आणि 'बरं केलंत' एवढंच म्हणाल्या. तुम्हाला त्यात कौतुक ऐकू आलं. मला मात्र त्यात दुसरंच काही ऐकू आलं.

दुसऱ्याच दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी मामी आमच्या दारात. घामाघूम, हातात चष्म्याचं घर. मला म्हणाल्या, तू तोंड बंद ठेव, मला फक्त फेरीवाल्याची गाडी सावलीत लावायची आहे, निघायच्या घाईत उन्हात राहिली. बाईंनी सुती हातमोजे पुढे केले, खुर्ची ओढून दिली. मामींनी हातमोजे घालून चार वाजेपर्यंत खेळ खेळला आणि आम्ही तिघं मागे उभे राहून पाहत होतो. काय हात चालतो त्यांचा, मामा. सगळ्या गावांचे भाव तोंडपाठ, कुठल्या वळणावर पाऊस लागतो ते पाठ. चारला उठल्या, मोजे घडी घालून दिले. तेव्हापासून रोज येतात. तुम्ही ज्या दाताच्या डॉक्टरचं 'एका दातासाठी अकरा वेळा बोलावतो, किती मन लावून काम करतो' असं कौतुक सगळ्यांना सांगत फिरताय, तो डॉक्टर म्हणजे आम्ही. दात ठणठणीत आहे. (उशी घेतली होतीत ना?)

पुढचं ऐका, कारण खरी धाकधूक इथे आहे. बॅटरी रोज थोडी थोडी उतरत होती. आमचं नक्कल करण्याचं यंत्र या घड्याळवाल्या कॅसेटीशी बोलेना, आणि त्यासाठी डागवाले जो जोड बनवत होते तो काही पुरा होईना. दोन पूर्णांक तीनचे दोन पूर्णांक एक झाले. दोनच्या खाली गेलं की तिसरा खण पुसला जाणार, एकवीस वर्षांसकट. शेवटी ठरलं की कॅसेटीला बाहेरून वीज देत राहायची आणि तेवढ्यात जुनी बॅटरी काढून नवी बसवायची. बाहेरची वीज क्षणभर जरी तुटली तरी खेळ खलास. मामींना आम्ही नको म्हणत होतो, पण त्या समोरच खुर्ची टाकून बसल्या. डागवाल्यांनी शिव्या न देता काम सुरू केलं, त्यावरूनच प्रसंग ओळखा. जुनी बॅटरी निघाली, आणि नेमकं त्याच वेळी खाली फ्रेमवाल्याने काच कापायचं यंत्र सुरू केलं. टेबल थरथरलं, विजेच्या तारेचा चिमटा सरकला. मी धावलो ते तारेकडे नव्हे तर दाराकडे, फ्रेमवाल्याला ओरडायला. (हेही अपघातांच्या वहीत आहे : 'कर्मचारी चुकीच्या दिशेने धावला.') बाई जागच्या जागी. मामींनी मात्र हात पुढे करून, चिमटा सुटायच्या आत, तो अंगठ्याने दाबून धरला. डावा अंगठा, ज्याने रिमोटच्या बटणाची वाटी केली तोच. अकरा मिनिटं त्यांनी तो हलवला नाही. नवी बॅटरी बसली, कॅसेट लावली, तिसरा खण जागच्या जागी. मामी म्हणाल्या, पाणी द्या. मी दिलं आणि मला रडू आलं, ते मी फ्रेमवाल्याच्या धुळीवर ढकललं.

चार दिवसांनी तो जोडही झाला, नक्कल उतरली, आणि बाई रीतसर नोंद घ्यायला बसल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न असा की इतके तास खेळून खेळ पूर्ण का झाला नाही? तेव्हा कळलं ते असं. या खेळात फेरीवाल्याबरोबर ओझं वाहणारा एक प्राणी असतो. (लांब कानांचा. बाईंच्या नोंदवहीत स्पष्ट शब्द आहे, पण वडीलधाऱ्यांच्या पत्रात मी तो लिहिणार नाही.) शेवटचा घाट चढून पलीकडच्या शहरात गेलं की खेळ संपतो. म्हातारा प्राणी तो घाट चढू शकत नाही, म्हणून तो बाजारात देऊन तरुण घ्यावा, असं खेळाच्या माहितीपुस्तकातही लिहिलंय आणि खेळातला प्रत्येक दुकानदारही सांगतो. मामींनी अठरा वर्षं तो दिलेला नाही. घाटाच्या पायथ्यापर्यंत जातात, त्याला पाणी पाजतात, परत फिरतात. तो पुलावर अडून बसतो, अर्धा अर्धा तास हलत नाही, तेवढा वेळ त्या तिथे विणकाम करतात. बाईंनी विचारलं, कारण काय लिहू? मामी म्हणाल्या, सवयीचा आहे. मग बाईंनी त्याची पाटी उघडली, कारण खेळात त्याला आपल्या पसंतीचं नाव देता येतं. मामा, नाव तुमचं आहे. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून अक्षरशः तसंच उतरवून घेतलं.

असो. पत्र लांबलं. थंडी पडायला लागली आहे, कानाला गुंडाळत जा. लहानांना आशीर्वाद सांगायला तुमच्याकडे सध्या लहान कोणी नाही, तेव्हा ते तुम्हीच ठेवून घ्या. कळावे, लोभ आहेच, त्याची परीक्षा पुढच्या ओळींत आहे.

आपला भाचा,
खुडबुड्या

ता. क. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठी. संग्रहाचं काम झालं, नक्कल आमच्याकडे आहे, मूळ वस्तू मामींना परत द्यायला बाईंची ना नाही. पण आमच्या नियमाने दान आलेली वस्तू बाहेर जात नाही, आणि याला एकच अपवाद आहे : देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की वस्तू माझी नव्हतीच, मी चुकलो. मला ठाऊक आहे की लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी असं वाक्य तुमच्याकडून कोणी ऐकलेलं नाही. पण मामींना बसमध्ये दोनदा उभं राहून यावं लागतं, आणि त्यांचा गुडघा तुम्हाला माहीत आहे. एक ओळ लिहा. सही तीच, शेपटीवाली.

ता. क. २. खोटं बोलवत नाही म्हणून सांगतो. घाटापलीकडे काय आहे ते बघायची उत्सुकता मला आवरली नाही. नक्कल केलेल्या खेळात मी तुमच्या नावाचा तो प्राणी बाजारात दिला, तरुण घेतला आणि घाट चढलो. पलीकडे शहर आहे, अलीकडच्या गावांसारखंच, फक्त छपरं निळी. मामींना दाखवायला बोलावलं तर त्यांनी छपरांकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, आणि त्याचं काय केलं बाजारवाल्यांनी? मी म्हटलं, काही नाही, झाडाखाली उभा करून ठेवलाय. त्या दिवशी त्या न खेळताच घरी गेल्या. मी ती नक्कल पुसून दुसरी केली.

ता. क. ३. हे पत्र मामींच्या नकळत लिहितोय, असं वर कुठेतरी लिहायचं ठरवलं होतं. बरं झालं राहिलं, कारण सव्वातीनपासून त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून सगळं वाचत आहेत. दाताबद्दलचा मजकूर खोडायला त्यांनी सांगितलं नाही. पण पहिल्या ता. क.मध्ये चूक आहे म्हणतात. 'माझी नव्हती' असं यांनी लिहायचं नाही. यांचीसुद्धा होती, घरी यांनीच तर आणली. यांनी फक्त मला विचारलं नाही, तेवढंच लिहायचं. मी म्हटलं, मामी, तेवढ्यावर वस्तू बाहेर जात नाही, नमुन्यात तसा रकानाच नाही. मामी म्हणाल्या, मग राहू दे इथेच, मी येत जाईन. आणि मोजे घालून खेळायला बसल्या. यावर बाई उठल्या, पट्टी आणि पेन्सिल घेऊन आल्या, आणि पंधरा वर्षांत ज्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता त्या छापील नमुन्यावर त्यांनी एक नवा रकाना आखला. वर मथळा लिहिला : 'विचारलं होतं का?' तो कागद सोबत जोडला आहे, मामा. रकाना त्यांनी बराच मोठा आखलाय, पण तुम्हाला एकच शब्द लिहायचा आहे.